न्हाणीघराची भिंत

दिवाळीच्या अंकात न्हाणीघरातल्या बुरशीवर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पुढ्यात फराळाचे ताट आहे, दारात आकाशकंदील आहे, आणि हा गृहस्थ ओल नि शेवाळ काढून बसला! पण आपली दिवाळी खरोखर सुरू कुठे होते, याचा जरा विचार करा. नरकचतुर्दशीच्या पहाटे सारे घर ज्या एका जागेकडे आळीपाळीने धाव घेते, ती जागा म्हणजे न्हाणीघर. तेलाचा वास, उटण्याचा वास, कढत पाण्याची वाफ, आणि बाहेरून दारावर पडणाऱ्या थापा, हे सारे तिथलेच. वर्षातून एक दिवस तरी न्हाणीघराला देवघराची प्रतिष्ठा मिळते. तेव्हा त्याच्या भिंतीविषयी चार शब्द लिहिले तर वाचक उदार मनाने चालवून घेतील, असा भरवसा आहे.

शिवाय या भिंतीने मला एक धडा शिकवला. मी शाळेत इतिहास शिकवतो, अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्याला शिकवण्याची सवय जडलेल्या माणसाला धडा मिळाला की तो चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

आमचे बिऱ्हाड एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली एक दुकान, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक काकू. न्हाणीघर आणि आईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. तीन वर्षांपूर्वी त्या भिंतीवर आईच्या पलंगाच्या बाजूने फरशीलगत एक काळपट रेघ उमटली. पावसाळ्यानंतर ती हातभर चढली. रंगाला फोड आले, पोपडे सुटले, खाली पांढरे मिठासारखे पीठ पडू लागले. आमच्याकडे याला लोणा लागणे म्हणतात. त्यावर हिरवट-काळ्या ठिपक्यांची बुरशी धरली. दिवाळी तोंडावर होती. मी पोपडे खरवडले, लांबी भरली, वर चांगला महाग रंग मारला. पाहुणे आले नि गेले. संक्रांतीला डाग पुन्हा हजर! दुसऱ्या दिवाळीला तोच खेळ. आईला रात्रीचा खोकला लागला होता. ती पडल्यापडल्या भिंतीवरून हात फिरवी आणि म्हणे, "अरे, हिला पाण्याची वाट नाही. तू नुसती पावडर लावतोयस तिला."

मी ऐकले नाही. त्याचे कारण मी आधीच शोधून ठेवले होते. त्याकडे पुढे वळतो.

* * *

घराच्या भिंतीला ओल धरणे हे दुखणे घराइतकेच जुने असले पाहिजे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, आपण ज्याला 'लेवीय' म्हणतो त्या ग्रंथात, चौदाव्या अध्यायात यासंबंधी चक्क कायदा आहे. घराच्या भिंतीवर हिरवट वा तांबूस खळगे दिसू लागले, तर घरधन्याने जाऊन पुरोहिताला सांगायचे. पुरोहित यायच्या आधी घरातले सामान बाहेर काढायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी सामानावर तो ठपका येत नाही. गरिबाची भांडीकुंडी वाचवणारी ही तरतूद वाचून मला त्या कायदेकर्त्याचे कौतुक वाटले. मग घर सात दिवस बंद ठेवायचे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड उपसून गावाबाहेर टाकायचे, आतून सारे घर खरवडायचे, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही डाग परत आला तर घर पाडायचे, आणि दगड, लाकूड, माती सारे गावाबाहेर नेऊन टाकायचे.

या कायद्यात रोगाला नाव कुष्ठाचे दिले आहे आणि उपाय धर्माचा सांगितला आहे, हे खरे. तरीही त्याची पद्धत पाहा. आधी पाहणी, मग सात दिवस थांबणे, मग पुन्हा पाहणी, आणि मग जेवढे बिघडले तेवढे मुळापासून काढणे. वरून रंग फासून मोकळे होण्याची मुभा कुठेही नाही.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने स्थापत्यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात ओलसर जागी गिलावा कसा करावा याचे एक प्रकरणच आहे. तो सांगतो, जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांचा चुरा चुन्यात मिसळून गिलावा करा. भिंत सतत ओलीच राहत असेल, तर तिच्या आत थोडे अंतर सोडून दुसरी पातळ भिंत बांधा. दोन भिंतींच्या मध्ये खाली पन्हळ ठेवा, पाणी बाहेर जाऊ द्या, आणि वर हवेला भोके ठेवा.

खापऱ्यांचा चुरा म्हणताच आपल्याकडच्या जुन्या गवंड्याच्या तोंडी येईल तो शब्द म्हणजे सुरखी. विटांचा हा चुरा चुन्यात घालून आपले वाडे, हौद आणि विहिरी उभ्या राहिल्या. बैल जोडून दगडी चाक फिरवायचे आणि घाणीत चुना मळायचा, ही पद्धत आजही जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत वापरतात. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याची रीतही जुनीच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भिंतींना आणि विहिरींना लावायचा 'वज्रलेप' सांगितला आहे. टेंभुर्णीची कच्ची फळे, कवठ, सावरीची फुले, सालईच्या बिया, वेखंड वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा आणि त्यात राळेसारखे चिकट पदार्थ घालायचे. हा लेप एक कोटी वर्षे टिकतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. माझा महाग रंग विकणाऱ्या दुकानदाराने मला फक्त सात वर्षांची हमी दिली होती. तीही सात महिन्यांत फसली!

* * *

लेप कितीही चांगला असो, जुन्या लोकांची खरी भिस्त वेगळ्याच गोष्टीवर होती. कोकणात आमच्या आजोबांचे घर होते. चिऱ्याच्या भिंती, उंच जोते, छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली. पावसाळ्याच्या तोंडी पश्चिमेच्या भिंतीला चुडतांचे झाप बांधत. न्हाणी मात्र घराच्या पाठीमागे, परसात. एक मोठा दगड, कमरेएवढा आडोसा, शेजारी चुलाण आणि त्यावर तांब्याचा हंडा. अंगावरून उतरलेले पाणी दगडावरून पन्हळीत जाई, पन्हळीतून अळवात, अळवातून केळीत. केळीच्या पलीकडे ते गेलेले मी कधी पाहिले नाही. न्हाणीला छप्पर अर्धेच होते. उन्हे आली की दगड तासाभरात कोरडा होई. शेवाळ धरे ते पावसाळ्यात, आणि काथ्याने घासले की निघून जाई.

त्या न्हाणीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. श्रावणातल्या अंधाऱ्या पहाटे, पाऊस कोसळत असताना बाळंतिणीने, म्हाताऱ्या माणसाने परसात जाऊन नाहायचे म्हणजे काय, हे आई सांगते तेव्हा अंगावर काटा येतो. विहिरीतून हंडे ओढून तिचे खांदे दुखत. पाणी घरात आले ते बायकांच्या कष्टांवर मोठा उपकार करीत आले, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात पाणी वाड्यांत आले ते नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास. कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालच्या बांधीव नळांतून ते शहरातल्या हौदांत आणले. या नळांच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच दगडी धारे बांधले आहेत. आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडता यावे म्हणून केलेल्या त्या बांधकामाला पुणेकर 'उच्छ्वास' म्हणतात. पाणी बंदिस्त करायचे तर त्याच्या श्वासाची सोय करावी लागते, हे त्या कारागिरांनी जाणले होते.

चुन्याची भिंतही अशीच श्वास घेते. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवतात, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हळूहळू पुन्हा दगड होतो. हा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडू शकते. ताज्या चुन्याची जात इतकी जहाल अल्कधर्मी, की बुरशीला तिथे सहसा थारा मिळत नाही. दर दिवाळीला भिंतींना चुना काढण्याच्या आपल्या रिवाजात शोभेचा भाग होताच, पण पावसाळाभर धरलेली बुरशी मारण्याचा भागही काही थोडा नव्हता. पाऊस संपल्यावर, भिंती वाळल्यावर आणि थंडी पडण्याआधी, असा त्याचा मुहूर्तही अचूक होता.

* * *

गोष्ट बिघडली ती शहरात, आणि तिचा इतिहास मुंबईत स्पष्ट दिसतो.

१८५४ साली मुंबईत पाण्याचे भीषण दुर्भिक्ष पडले. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहारचा तलाव बांधला गेला, आणि १८६० साली त्याचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा. विहिरी नि तलावांवर जगणाऱ्या शहराला हे वरदानच होते. पण पाणी ज्या वेगाने आत आले, त्या वेगाने ते बाहेर नेणारी गटारे झाली नाहीत. घराघरांतून सांडलेले पाणी जमिनीत मुरत राहिले. गिरणगावात चाळी उठल्या. दहा बाय बाराच्या खोलीच्या कोपऱ्यात चार विटांचा कठडा घालून मोरी केली, आणि तीच न्हाणी, तीच भांडी घासायची जागा झाली. परसातले पाणी पलंगाच्या पायथ्याशी आले. अळू नि केळी मात्र गावालाच राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि या ओलसर घरांवर सरकारची नजर गेली. रोग कशाने पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. ओल, अंधार, कोंदट हवा यांवर संशय होता. म्हणून अधिकाऱ्यांनी गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडले, घरांना चुना फासला, छपरांची कौले उतरवून ऊन आत घेतले, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली. हे सारे ज्या दांडगाईने झाले, तिच्या संतापाचा इतिहास महाराष्ट्राला माहीत आहे. १८९८ साली पॉल-लुई सिमॉंद या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो असे दाखवले. म्हणजे भिंत निर्दोष होती! निदान त्या एका आरोपातून तरी ती सुटली.

पण त्या धांदलीतून एक चांगली गोष्ट निघाली. १८९८ साली मुंबईत नगरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे एक अध्यक्ष ऑर यांनी घरातल्या उजेडाचा आणि वाऱ्याचा प्रश्न लावून धरला. इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा समोर सोडावी, म्हणजे तळमजल्यालाही आकाश दिसेल, असा त्यांच्या नियमाचा मथितार्थ होता. प्लेगचे निदान चुकले होते, पण उजेड आणि वारा मागण्यात चूक काहीच नव्हती. ओलसर, बुरशीच्या घरात दम्याचे नि श्वासाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात नमूद केले आहे. हे वाचले तेव्हा मला आईचा खोकला आठवला.

चुन्याची जागा घेणारे सिमेंट याच सुमारास आले. इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला त्याचा कारखाना सुरू झाला. सिमेंट झटपट घट्ट होते, भार पेलते, मजल्यावर मजला चढवू देते. त्याच्यावाचून आजची शहरे झालीच नसती. पण ते चुन्यासारखा श्वास घेत नाही. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरते, आणि बाहेर पडायला तितकी मोठी वाट त्याला सापडत नाही. वर तेलकट रंग लावला की उरलीसुरली वाटही बंद. मग ओल आतल्या आत पसरते, क्षार घेऊन पृष्ठभागावर येते आणि लोणा धरते. लोखंडी सळ्या गंजून फुगतात नि काँक्रीट फोडतात. मुंबईच्या जुन्या इमारतींची अवस्था अशी झाली की त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली वेगळा कायदाच करावा लागला.

* * *

आता माझ्या भिंतीकडे येतो. मी आधीच शोधून ठेवलेले कारण म्हणजे वरच्या काकू. भिंतीवर पहिली रेघ उठली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी न्हाणीघराच्या लाद्या बदलल्या होत्या. मी निकाल देऊन टाकला. जिन्यात त्यांना गाठून म्हणालो, "काकू, तुमचे पाणी आमच्या भिंतीत उतरते आहे. आई आजारी आहे माझी." त्या एवढेच म्हणाल्या, "बघते हं, सर." त्यानंतर त्यांचा नि आमचा बोलण्याचा संबंध जवळजवळ तुटला. त्यांच्या घरून येणारे कोजागिरीचे दूध बंद झाले. आईने दोनदा विचारले, मी उत्तर दिले नाही.

डाग खालून वर चढत होता, हे मी तीन वर्षे डोळ्यांनी पाहत होतो. वरून येणारे पाणी छताशी दिसते, खालचे पाणी फरशीलगत दिसते. दिव्याची वात तेल कशी ओढते ते पाहिलेल्या पोरालाही हे कळावे. पण ज्याने आरोपी आधीच ठरवला आहे, त्याला पुरावा दिसत नाही. इतिहास शिकवणाऱ्याने तरी हे ओळखायला हवे होते.

गेल्या मे महिन्यात काकू महिनाभर मुलीकडे गेल्या. त्यांच्या घराला कुलूप, नळ बंद. आमची भिंत मात्र ओलीच्या ओली! तेव्हा कुठे मी एका जुन्या जाणत्या प्लंबरला बोलावले. त्याने भिंतीकडे एकदा पाहिले आणि सरळ आमच्या न्हाणीघरात शिरला. पाणी जाण्याचे तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवले, ते जागेवर राहिले. मग तोंड उघडले आणि निळीचे पाणी सोडले. दोन दिवसांनी फरशी फोडली, तर खालचे विटांचे तुकडे ओलेचिंब आणि निळे. सांडपाणी नेणाऱ्या भांड्याचा सांधा निसटला होता. आमच्याच अंघोळीचे पाणी आमच्याच फरशीखाली साठत होते आणि तिथून भिंतीत चढत होते. खालच्या दुकानाला खोटे छत असल्याने तिकडे कोणाला पत्ता लागला नव्हता.

नवे भांडे आणायला मी दुकानात गेलो. प्लंबरने चिठ्ठीवर लिहून दिले होते, 'नाहणी ट्रॅप'. मी ते दोनदा वाचले. आजोबांच्या परसातली न्हाणी इथे भेटेल असे वाटले नव्हते. देशभर हे भांडे याच नावाने ओळखले जाते म्हणे. फरशीखाली भरलेल्या विटांच्या थराला गवंडी 'कोबा' म्हणाला, तोही आपलाच शब्द. शब्द सारे जिवंत होते. पाण्याची वाट तेवढी मोडली होती.

पुढचे काम सावकाशीचे. आईचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला. बुरशी कोरडी झाडली नाही, तोंडाला फडके बांधून ओल्या कपड्याने पुसली, कारण कोरडी झाडली की ती हवेत उडते. कोणी ब्लीचिंग पावडर सुचवली, कोणी आम्ल. ही दोन एकत्र आली की विषारी वायू निघतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गिलावा विटेपर्यंत काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. पावसाळ्यात ती कुठे वाळणार! गणपती गेले, नवरात्र आले, तेव्हा कुठे वीट हाताला कोरडी लागली. न्हाणीघराच्या वरच्या झडपेला लावलेली काच काढून जाळी बसवली. भिंतीला चुन्याचा गिलावा केला, त्यावर चुन्याची सफेदी. आईने वास घेतला आणि म्हणाली, "आता घर वाटते."

राहिले ते एकच काम, आणि ते भिंत फोडण्याहून अवघड होते. काकू मुलीकडून परतल्या होत्या, पण मी चार महिने धीर गोळा करीत होतो. शेवटी गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आईने चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि वरच्या जिन्याकडे बोट दाखवले. मी वर गेलो, म्हणालो, "काकू, चूक आमच्या घरातली होती. मी तुम्हाला उगाच बोललो."

त्यांनी डबा घेतला. जरा वेळाने म्हणाल्या, "मला वाटलंच होतं हो, आमच्या लाद्या नव्या होत्या. पण तुमची आई आजारी म्हणालात ना. म्हटलं, कोण जाणे. तेव्हापासून एका बादलीतच अंघोळ उरकते मी. अगदी सांडू न देता."

दोन वर्षांहून अधिक काळ! मला पुढे बोलता आले नाही. खाली आलो आणि आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

नरकचतुर्दशीला पहाटे चारला जाग आली. बाहेर अजून फटाकेही सुरू झाले नव्हते. डोक्यावरच्या मजल्यावर बादली ठेवल्याचा आवाज झाला, मग नळ सुटला. तांब्यामागून तांब्या पाणी पडू लागले, लगबगीने, सांडण्याची पर्वा न करता, खूप वेळ. आई पलंगावर उठून बसली होती. तिने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.